एकसष्ट मिलिग्रॅम

संस्थेत तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की बुडबुडेबाई. हे नाव कुणी पाडलं ते कधी कळलं नाही, पण ते आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचंही. जिने तेहेतीस वर्षं काचेच्या भांड्यातले बुडबुडे बघण्यात घालवली, तिला लोक आणखी काय म्हणणार!

बुडबुडे हायड्रोजनचे. पाण्यात थोडं आम्ल घालून, दोन टोकं बुडवून वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन सुटतो, दुसऱ्याला ऑक्सिजन. एवढं शाळेतली मुलंही करतात. अडचण अशी की पाणी सहजासहजी फुटत नाही, फार वीज खातं. ते काम सोपं व्हावं म्हणून हायड्रोजनच्या टोकावर उत्प्रेरक लावावा लागतो. उत्प्रेरक म्हणजे काय, असं नातेवाइकांनी विचारलं की ती सांगायची, "एखादी मावशी असते बघा. ती घरात आली की अडलेली कामं भराभर मार्गी लागतात, आणि ती स्वतः चहा पिऊन होती तशी परत जाते." ह्या कामातली सगळ्यांत गुणी मावशी म्हणजे प्लॅटिनम. पण तिचा तोरा आणि भाव दोन्ही परवडणारे नाहीत. म्हणून प्लॅटिनमचं काम करील अशी एखादी स्वस्त पूड शोधायची, ह्या एका गोष्टीपायी बाईने आपलं आयुष्य पणाला लावलं.

पहिली सतरा वर्षं हाताला काही लागलं नाही. दुसऱ्या मजल्यावर, बोळकांडीच्या टोकाला तिची खोली होती. खिडकी पूर्ण लागायची नाही, बेसिनवर पिवळा ओघळ कायमचा उमटलेला, आणि खुर्चीचं एक चाक गेलेलं असल्यामुळे बसणाऱ्याने जरा डावीकडे झुकून बसायचं अशी रीत. तिथे ती मॉलिब्डेनम आणि कार्बन भट्टीत भाजून काळ्या पुडी करायची, पुडीला नंबर द्यायची, भांड्यात लावायची आणि हात टेकायची. चारशे बारा पुडी झाल्या. मूल होऊ द्यायचं "हे एवढं मार्गी लागलं की" म्हणत पुढे ढकललं, आणि एक दिवस पुढे ढकलण्यासारखं काही उरलंच नाही. वडील गेले तेव्हा भांडं एकोणिसाव्या दिवसावर होतं. ती तिसऱ्या दिवशी पोचली. भाऊ त्यानंतर तिच्याशी कधी फारसं बोलला नाही.

नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. भला माणूस, पण जिभेला हाड नाही. स्वयंपाकाचा सिलिंडर संपला की म्हणायचा, "तुझा हायड्रोजन केव्हा येतोय? नाहीतर मी आपला नंबर लावून येतो."

मग चारशे तेरावी पूड आली.

पहिल्या दिवशी तीही इतरांसारखीच निघाली, मठ्ठ. दुसऱ्या दिवशी जरा बरी. पाचव्या दिवशी तिच्यावरून असे बारीक, दाट बुडबुडे उठायला लागले की बाईला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. उत्प्रेरक वापरून वापरून थकतो, ही ह्या धंद्यातली रोजची रड. इथे उलटंच. पूड जितकी वापरावी तितकी तरतरीत होत होती. बाईने ह्या प्रकाराला नाव दिलं, "पूड मुरते." तोच शब्द तिच्या खोलीत रूढ झाला. "मुरली का हो?" असं एकमेकांना विचारलं जाई. त्यावरचा तिचा लेख छापून आला, दूरदूरच्या माणसांनी तिला भाषणाला बोलावलं, संस्थेने एका भांड्याची चार भांडी करून दिली आणि खुर्चीही बदलून देऊ केली. खुर्ची तिने नाकारली. ती डावीकडे झुकूनच बसत राहिली.

चार भांडी म्हणजे प्लॅटिनमच्या चार जाळ्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी. पूड लावायची हायड्रोजनच्या टोकाला, पण समोरचं, ऑक्सिजनचं टोकही कशाचं तरी असायला लागतंच. तिथे सगळे प्लॅटिनमची जाळी वापरत. का, तर ती आम्लात विरघळत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात, गुपचूप उभी राहते. बाईच्या गुरूंनी तीच वापरली होती, गुरूंच्या गुरूंनीही. तिच्या भांड्यात वीज दिवसा चालू आणि संध्याकाळी बंद असायची, कारण पुढेमागे हे सगळं उन्हाच्या विजेवर चालावं असा तिचा हिशोब होता. चालू, बंद. चालू, बंद. तीन वर्षं.

ह्या जाळ्या ठेवायचा मान तळमजल्यावरच्या स्टोअरकीपरचा. त्याला सगळे तराजूकाका म्हणत. मौल्यवान धातू त्याच्या कुलपात, आणि त्याची रीत अशी कडक की भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत. जाळी न्यायला या, परत करायला या, दर तीन महिन्यांनी तपासायला आणा, प्रत्येक वेळी वजन. आधी पंखा बंद. मग दार बंद. आलेल्याने भिंतीला टेकून उभं राहायचं, बोलायचं नाही. काका काचेच्या पेटीतल्या तराजूवर जाळी ठेवायचे आणि स्वतःचा श्वास रोखायचे. एकदा नाही, तीनदा. तिन्ही आकडे वहीत लिहायचे. एखादा साहेब घाई करायला लागला तर म्हणायचे, "श्वास सोडायचा असेल तर बाहेर जाऊन सोडा साहेब, इथे त्याचंही वजन होतं."

बाईचं आणि काकांचं चांगलं जमायचं. दोघंही एकाच जातीची वेडी. ती भिंतीला टेकून गप्प उभी राहायची आणि तिला ते आवडायचं, दिवसभरात तेवढीच काय ती विश्रांती.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी काका वही घेऊन दुसऱ्या मजल्यावर आले. धापा टाकत होते, गुडघे दुखायचे त्यांचे. म्हणाले, "बाई, जाळ्या कमी भरताहेत."

"किती?"

"चारी मिळून, तीन वर्षांत, एकसष्ट मिलिग्रॅम. आधी म्हटलं आपलीच नजर. म्हणून दरवेळी पुन्हा केलं. तुमच्या त्या भांड्यात काही झिजत असेल का हो?"

त्या दिवशी बाई एका निबंधाच्या शेवटच्या पानावर होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "काका, प्लॅटिनम झिजायला लागलं तर मला रसायनशास्त्र पहिलीपासून शिकायला लागेल."

काका हसले. ती पण हसली. ते हसू तिला पुढे बारा वर्षांनी आठवलं, आणि त्यानंतर रोज.

काकांनी नियमाप्रमाणे कमतरता वर कळवली. स्वतःच कळवली. चोराने आपण होऊन वर्दी द्यावी, असं कुठे झालंय का? पण चौकशी समितीने त्याचंही उत्तर काढलं. तपासणी येणार होती, म्हणून आधीच हात झटकले. तराजूत चूक असेल म्हणावं तर तीन तीन वजनं वहीत हजर, तिन्ही जुळणारी. वजन चुकलेलं नाही, म्हणजे माल गेलेला आहे. माल ज्याच्या कुलपात, तो जबाबदार. त्याच्या काटेकोरपणानेच त्याच्या गळ्याला फास लावला.

फक्त एकच फट उरली होती. वापरताना धातू कमी होऊ शकतो का? ते सांगायला तज्ज्ञ हवा. जाळ्या बाईच्या भांड्यातल्या, तज्ज्ञही तीच. तिला बोलावलं, पाणी दिलं, विचारलं. तिने दोन मिनिटंही घेतली नाहीत. तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं, "ह्या द्रावणात प्लॅटिनम विरघळत नाही." खाली सही केली, तारीख घातली. काका समोरच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. समितीने वाक्य वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली. बाई सांगतात म्हणजे तसंच असणार, अशी मान हलवली.

खाली उतरताना तिला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि शास्त्र वेगळं, अशी तिने मनाची समजूत घातली. काकांना काढून टाकलं. पेन्शन निम्मी झाली म्हणे. पुढे कुणी त्यांचं नाव काढलं नाही, आणि तिनेही मूग गिळले.

त्यानंतर प्लॅटिनम काढायचे नियम बदलले. वजन करायला कुणी काकांसारखा उरला नव्हता, तेव्हा संस्थेने वजनाच्या ऐवजी सह्या सुरू केल्या. जाळी हवी तर तीन सह्या. कधी एक साहेब रजेवर, कधी दुसरा दौऱ्यावर.

मध्येच कुठून कुठून पत्रं यायची. लहान कॉलेजांतली माणसं लिहायची, की तुमची पूड तुम्ही सांगितली तशीच केली, पण आमच्याकडे मुरत नाही. प्लॅटिनमची जाळी परवडत नाही म्हणून समोर शिसपेन्सिलीतल्यासारखी कार्बनची कांडी लावली आहे, बाकी सगळं तेच. बाई त्यांना उत्तर द्यायची. सौम्य शब्दांत, पण मतितार्थ एकच असायचा, की भांडी नीट धुवायला शिका. अशी तेरा उत्तरं तिने पाठवली. तेरा. पुढे तिने ती सगळी शोधून काढून मोजली.

ती सत्तावन्न वर्षांची झाली तेव्हा चारशे तेराव्या पुडीवर एका कंपनीने पैसे लावले होते. शहराबाहेर कारखान्याची इमारत उभी राहत होती. तिथल्या इंजिनियरांना काही जुने आकडे हवे होते. त्यासाठी बाईला एक भांडं पुन्हा लावायचं होतं, आणि जाळीसाठी तिसऱ्या सहीचा साहेब महिनाभर रजेवर होता. बाईने वैतागून खणातली कार्बनची कांडी काढली आणि समोर लावली. म्हणाली, तोपर्यंत मुरायला तरी लागेल.

पूड मुरली नाही.

पाचव्या दिवशी नाही, दहाव्या नाही. बाराव्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने भांडी धुतली. उकळत्या आम्लाने, तीनदा. नवी पूड भाजली. चारही भांड्यांना कांड्या लावल्या. चाळीस दिवस ती त्या चाक गेलेल्या खुर्चीवर बसून मठ्ठ काळ्या टोकांकडे बघत राहिली. अधूनमधून एखादा बुडबुडा उठायचा, सुस्त, नाइलाजाने उठल्यासारखा. त्या चाळीस दिवसांत तिला काय झालंय ते कळलं होतं. कळत होतं म्हणूनच ती चाळीस दिवस बसली. एकेचाळिसाव्या दिवशी जाळी मिळाली. ती तिने एका भांड्यात लावली, बाकी तिन्हींना हात लावला नाही. चौथ्या दिवशी त्या एका भांड्यात दाट, बारीक बुडबुडे उठले.

पूड मुरत नव्हती. कधीच मुरली नव्हती. समोरच्या जाळीतलं प्लॅटिनम, वीज चालू-बंद होताना, कणाकणाने आम्लात उतरत होतं आणि येऊन पुडीवर बसत होतं. बुडबुडे त्या प्लॅटिनमचे होते. मावशी चहा पिऊन होती तशी परत गेली नव्हती. मावशीच सगळं घर चालवत होती, आणि कौतुक चालू होतं कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्याचं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता. त्याने सुरी खाली ठेवली आणि नेहमीप्रमाणे काहीतरी फिरकी घ्यायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून मिटलं. मग म्हणाला, "म्हणजे सगळंच?"

"सगळंच."

"सोळा वर्षं?"

"आधीची सतराही. ती ह्याच्या भरवशावर तर सोसली होती." मग ती म्हणाली, "अहो, ते नाही सांगत मी तुम्हाला. ते एकसष्ट मिलिग्रॅम... ते काकांनी नव्हते घेतले हो. ते मी घेतले होते."

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली. संचालक वयाने तिच्याहून लहान, बोलायला गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद पाहिले, आणि उठून दार लावून घेतलं.

"मॅडम, विज्ञानात चुका होतातच," ते म्हणाले. "पण त्या दुसऱ्यांनी शोधायच्या असतात. आपल्या आपण कशाला? तीन वर्षं राहिलीत तुमची. तिकडे इमारत उभी राहतेय, माणसं भरलीत."

"लेख मी मागे घेणार आहे. पत्र पाठवलं मी आज सकाळी."

संचालकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मान हलवली. "तो तुमचा प्रश्न. संस्था त्यात पडणार नाही."

"आणि काकांचं काय?"

"कोण काका?"

तिने सांगितलं. त्यांनी कपाटातून फाईल मागवली, चाळली, आणि एका पानावर बोट ठेवून फाईल तिच्याकडे वळवली. "हे बघा. त्यांनी तर कबूल केलंय. लेखी आहे. धातू घेतला, विकला, चूक झाली, माफी असावी. प्रकरण बंद झालंय, मॅडम. कबुलीनंतर उघडत नाहीत."

कबुलीचं बाईला ठाऊक नव्हतं. आणि इथे एक लाजिरवाणी गोष्ट झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखं. घेतलं असेल खरंच! जाळीतलं थोडं विरघळलं असेल, थोडं त्यांनीही घेतलं असेल, कुणी सांगावं? जिना उतरेपर्यंत तिला हे पटलंही होतं. खाली तळमजल्यावर स्टोअरच्या बंद दारापाशी ती थांबली, आणि तिला स्वतःची किळस आली. पुन्हा न मोजताच निकाल देऊन मोकळी!

तिची एक सवय होती. वापरून झालेलं कुठलंही टोक ती फेकत नसे. नंबर घालून, बाटलीत घालून खणात ठेवायची. त्या तीन वर्षांतली अठ्ठ्याऐंशी टोकं खणांत तशीच पडून होती. तिने ती एकेक करून बाहेर काढली. प्रत्येकावरचा थर जालीम आम्लात उतरवला, प्रत्येकातलं प्लॅटिनम मोजलं. दोन महिने लागले. विभागातल्या लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. लेख मागे घेतल्याची बातमी फुटली होती, आणि जेवणाच्या खोलीत ती आली की बोलणी थांबायची. कारखान्याच्या इंजिनियरने फोनवर तिला नाही नाही ते ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. कंपनीने काम थांबवलं तेव्हा तिच्याच विभागातल्या सहा जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यातली एकजण जाताना तिच्या टेबलावर खोलीची किल्ली आपटून गेली.

अठ्ठ्याऐंशी आकड्यांची बेरीज आली अठ्ठावन्न मिलिग्रॅम.

तिने तो कागद सही करून घडी घातला आणि काकांचा पत्ता शोधायला लागली.

काका गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे राहत होते. तीन मजली इमारत, जिन्यात सायकली, दुसऱ्या मजल्यावर हिरवं दार. दार मुलीने उघडलं. चाळिशीतली, दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर काम करणारी, नुकतीच कामावरून आलेली. गळ्यात दोरीला ओवलेली एक किल्ली होती. "कोण?" तिने विचारलं. बाईने नाव सांगितलं. मुलीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली.

काका खिडकीशी बसले होते. सहासष्टचे असतील, दिसत होते ऐंशीचे. बाईला पाहून ते उठायला लागले. "अरे, बाई! बसा, बसा. गुडघे ऐकत नाहीत आता." मग मुलीला म्हणाले, "चहा ठेव गं. बाईंना साखर कमी लागते." मुलीने गळ्यातली किल्ली काढली, भिंतीतलं कपाट उघडलं, साखरेचा डबा काढला, कपाट पुन्हा लावलं, किल्ली पुन्हा गळ्यात घातली. सगळं इतक्या सवयीने, की तिला स्वतःलाही ते कळत नसावं. काकांनी तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

बाईने वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. ती सरळ म्हणाली, "काका, प्लॅटिनम विरघळतं. भांड्यात विरघळत होतं. तुम्ही विचारलं होतंत. मी न बघताच नाही म्हटलं."

काका खिडकीकडून तिच्याकडे वळले. त्यांनी विचारलं, "म्हणजे तराजू बरोबर होता?"

"बरोबर होता, काका."

"तीनदा केलं होतं मी."

"हो."

"मला वाटायला लागलं होतं की तराजूच चुकला असेल," ते म्हणाले. "बारा वर्षं तेच डोक्यात. पेटीचं दार नीट लागलं नसेल, माझा श्वास लागला असेल. झोप लागायची नाही." त्यांनी स्वयंपाकघराकडे, मुलीच्या दिशेने बोट केलं. "समितीतले म्हणाले, कबूल करा, पोलिसात देत नाही, निम्मी पेन्शन तरी राहील. हिची नोकरी नवी होती. मी लिहून दिलं. मग घरी तरी वेगळं काय सांगणार? हिच्या आईने शेवटच्या दिवसांत विचारलं, खरंच घेतलं होतंत का हो? मी हो म्हटलं. तोवर इतकी वर्षं झाली होती, नाही म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, मरणाऱ्या बायकोशीही खोटं बोलतोय."

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी चहाचे कप घेऊन उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"तुम्हीच ना त्या?" ती बाईला म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "ह्या द्रावणात प्लॅटिनम विरघळत नाही. ते वाक्य मला पाठ आहे. बाबांना मी विचारलं होतं, की असं कसं असेल, वापरून गेलं असेल. तर म्हणाले, बाईंनी लिहून दिलंय. मी तुमच्या वाक्यावर विश्वास ठेवला, बाबांवर नाही. आई गेल्यावर मी तिचे दागिने ह्यांच्यादेखत मोजून कपाटात टाकले. दोनदा मोजले."

बाईने घडी घातलेला कागद पुढे केला. मुलीने कप ठेवले, हात पुसले आणि उभ्याउभ्याच तो वाचला. अठ्ठ्याऐंशी ओळी, खाली बेरीज, खाली सही.  वाचता वाचता तिचा एक हात गळ्याकडे गेला आणि तिने दोरी डोक्यावरून काढायला सुरुवात केली.

"बघू," काका म्हणाले.

त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत सगळे आकडे खालपर्यंत वाचले. बेरीज ओठांतल्या ओठांत पुन्हा केली. मग वर पाहिलं.

"अठ्ठावन्न आहेत हे. कमी एकसष्ट होते."

"उरलेले तीन मिलिग्रॅम भांड्याच्या काचेला लागले असतील, काका. थोडे द्रावणात गेले असतील."

"मोजलेत?"

"नाही. ती द्रावणं तेव्हाच ओतून टाकली."

"मग तीन अजून कमीच आहेत," काका म्हणाले. त्यांनी कागदाची घडी होती तशी घातली आणि तिच्या हातात परत दिली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. नव्या माणसाला वहीची रीत समजावून सांगावी तसं ते म्हणाले, "काचेला लागले असतील असं लिहू नका हं कुठे. न मोजलेलं लिहायचं नसतं, बाई."

मुलीचा हात दोरीवर तसाच थांबला होता. तिने बापाकडे पाहिलं, मग कागदाकडे. मग हळूच किल्ली पुन्हा कुडत्याच्या आत सोडली.

"चहा घ्या," ती म्हणाली. "गार होतोय."